परत आणायची सोय

(मंडळाच्या वर्धापनदिनी 'माझा छंद' या विषयावर केलेले भाषण)



'माझा छंद' या विषयावर बोला, असे कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी बरीच काचकूच केली. माझ्या आधीच्या भगिनींनी भरतकाम, बागकाम, ओव्यांचा संग्रह असे चारचौघींत सांगण्याजोगे छंद सांगितले. माझे छंद दोन आणि दोन्ही चेष्टेचे. एक, अंतराळयाने, परग्रह आणि भविष्यकाळ यांचे चित्रपट पाहणे. दुसरा, कुत्रा सांभाळणे. पहिल्याबद्दल लोक विचारतात, "या वयात हे काय?" आणि दुसऱ्याबद्दल, "या जागेत हे काय?" प्रश्न दोन्ही रास्त आहेत.

चित्रपटांचे वेड माहेरचे. भावाने मला एकदा फिल्म सोसायटीच्या खेळाला नेले. चित्रपट होता '२००१: अ स्पेस ओडिसी'. तो निघाला १९६८ साली. आमच्या वाट्याला आला तो बऱ्याच वर्षांनी. निम्मे प्रेक्षक झोपले, काही उठून गेले. मी मात्र खुर्चीला खिळले. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाज नाही; तेव्हा या चित्रपटात यानाबाहेर माणूस गेला की कानी पडतो तो फक्त त्याचा स्वतःचा श्वास. एवढे मोठे आकाश आणि त्यात एका जिवाचा श्वास! घरी येऊन मी भांडी घासायला बसले, तरी तो श्वास कानातून जाईना. तेव्हापासून हा नाद लागला तो आजतागायत.

कुत्रा आला तो २४ सप्टेंबर २०१४ रोजी. तारीख पक्की आठवते, कारण त्या सकाळी आपले मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले. पितृपक्ष संपत आला होता, पाऊस लागला होता आणि आमच्या स्कूटरखाली एक तांबूस पिल्लू कुडकुडत बसले होते. मुलीने त्याचे नाव मंगळ्या ठेवले. "अगं, आज तर बुधवार," असे ह्यांनी म्हणून पाहिले, पण कुणी ऐकले नाही. ते मंगळयान सहा महिने चालेल अशी अपेक्षा होती, ते सुमारे आठ वर्षे चालले आणि २०२२ साली त्याचा संपर्क तुटला. आमचा मंगळ्या अजून भुंकतो आहे, हे तुम्हां सर्वांना मी सांगायला नको.

आता आमचा दिवस कसा जातो ते सांगते. पहाटे साडेपाचला फिरणे; हातात साखळी, पिशवी आणि जुने वर्तमानपत्र. कुत्र्याने केलेली घाण कुत्रेवालीने उचलायची, हा आमचा नेम. मग भात, अंडे, थोडे दही. पावसाळ्यात रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहायचे. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे यांतले काहीही द्यायचे नाही. कुत्र्याला ते बाधते, बेदाण्यांनी तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दिवाळीत त्याला प्रेमाने बेदाण्याचा लाडू घालणाऱ्या बालगोपाळांना एवढे जरूर सांगा.

रात्री ह्यांच्या बातम्या संपल्या की आमचा खेळ. मंगळ्या माझ्या पायांवर हनुवटी टेकून बसतो. कुत्र्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा हे रंग कळतात, तांबडा-हिरवा नीट उमगत नाहीत. म्हणजे आम्ही ज्याला तांबडा ग्रह म्हणतो, तो याच्या दृष्टीने मळकट पिवळाच! उलट कानाने तो आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचे आवाज ऐकतो. म्हणून लढायांचे चित्रपट मी आवाज मिटवून पाहते. स्फोट झाला की तो पलंगाखाली, आणि मग उरलेला चित्रपट मी जमिनीवर पालथी पडून पाहणार, हे परवडत नाही.

या चित्रपटांत कुत्रे फार येतात, हे मंगळ्या आल्यावरच माझ्या ध्यानात आले. १९८५ सालच्या 'बॅक टु द फ्यूचर'मध्ये कालप्रवासाचा पहिला प्रयोग होतो तो शास्त्रज्ञाच्या आइन्स्टाइन नावाच्या कुत्र्यावर. त्याला एका मिनिटाने भविष्यात पाठवतात आणि तो सुखरूप पोचतो. १९७९ सालच्या 'स्टॉकर' या रशियन चित्रपटात माणसे एका गूढ प्रदेशात मनीची इच्छा पुरी करायला जातात. तिथून परत येताना सोबत येतो तो एक काळा कुत्रा, आणि तो घरचाच होऊन राहतो. मला वाटे, हे किती छान! चित्रपटवाल्यांनी कुत्र्याची आठवण ठेवली.

पण मैत्रिणींनो, खऱ्या अंतराळात गेलेल्या कुत्रीची गोष्ट अशी छान नाही. ती मी प्रथम सांगितली आमच्या समोरच्या वहिनींना.

समोरच्या वहिनी या सभेत बसल्या आहेत आणि हे सांगायला त्यांची परवानगी आहे. मंगळ्या आला तेव्हा "जिन्यात कुत्रा नको" असा अर्ज सोसायटीकडे गेला होता. त्यावर पहिली सही वहिनींची होती. मी रागावले, पंधरा दिवस बोलले नाही. पुढे कळले की, त्यांच्या लहानपणी गावी त्यांचा चुलतभाऊ पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गेला. तो जाताना त्यांनी पाहिला होता. तेव्हा माझा राग ओसरला. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. पण वेळीच लस घेतली तर तो टळतो. चावा बसताच जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. मी मंगळ्याच्या लसींचे कार्ड घेऊन वहिनींकडे गेले आणि दर वर्षी ते दाखवण्याचे कबूल केले. त्यांनी अर्ज मागे घेतला, पण कुत्र्यापासून चार हात लांबच राहिल्या.

त्याच दिवशी चहा घेताना कसा कोण जाणे, लायकाचा विषय निघाला. लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरची बेवारशी कुत्री. रस्त्यावरच्या कुत्र्यांना थंडीची आणि उपासाची सवय असते, म्हणून शास्त्रज्ञांनी अशी कुत्री निवडली. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी 'स्पुटनिक २' या उपग्रहातून तिला वर पाठवले. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा पहिला जीव ती. मी तेव्हा पाळण्यात होते.

एवढे ऐकून वहिनींनी विचारले, "आणि तिच्या जेवणाचं?"

"जेलीसारखं अन्न ठेवलं होतं यानात."

"आणि परत आणायची सोय?"

"नव्हती."

वहिनींनी कप खाली ठेवला. "म्हणजे ठाऊक असून पाठवली?"

होय, ठाऊक असून. यान परत उतरवण्याची विद्या तेव्हा हाती आली नव्हती आणि घाई मात्र होती. उड्डाणापूर्वी तिथल्या एका शास्त्रज्ञाने तिला आपल्या घरी नेऊन मुलांबरोबर खेळू दिले होते. तिच्यासाठी काहीतरी चांगले करावे, असे त्याला वाटले. ती काही दिवस जगली, असे जगाला सांगण्यात आले. उष्णता वाढून ती काही तासांतच गेली, हे उघड झाले २००२ साली. पुढे १९६० साली बेल्का आणि स्ट्रेल्का या दोघी कक्षेत जाऊन सुखरूप परतल्या. स्ट्रेल्काला सहा पिल्ले झाली आणि त्यांतले एक अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी गेले. लायकाच्या प्रयोगातल्या एका शास्त्रज्ञाने चाळीस वर्षांनी जाहीर खेद व्यक्त केला. २००८ साली मॉस्कोत तिचे स्मारक उभे राहिले. पण वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर स्मारकाने मिळत नाही.

तो प्रश्न मी तेव्हा रशियावर लोटला. तो माझ्यावरच येईल, असे वाटले नव्हते.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्हां दोघांना नागपूरला जावे लागले. मंगळ्याला बावीस दिवस पैसे देऊन एका ठिकाणी ठेवले. जागा स्वच्छ होती, माणसे भली होती. मी दर विचारला, पिंजरा पाहिला, कार्ड दाखवले. एकच गोष्ट केली नाही. त्याला आधी एखादा दिवस तिथे नेऊन, परत आणून दाखवले नाही. कुणी सोडून गेले तरी परत येते, हे त्याने कळून घ्यावे कसे? मी परतले तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. मला पाहून तो धावत येईल असे वाटले होते. त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. त्यानंतर कपाटावरची बॅग खाली आली की तो दारात आडवा पडतो. अजूनही. दोष कुणाचा? माझाच.

पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. या वेळी मी बॅग भरण्याआधीच चिंतेत पडले. तेव्हा वहिनी आपण होऊन दारात आल्या. म्हणाल्या, "मी हात लावणार नाही. पण ताटली सरकवीन, रोज संध्याकाळी." पहिले चार दिवस त्यांनी ताटली काठीने सरकवली. पाचव्या दिवशी काठी राहिली. मी घरी आले तेव्हा मंगळ्या त्यांच्या उंबऱ्यावर झोपला होता आणि वहिनी त्याला ओलांडून ये-जा करत होत्या.

आता शेवटचा एक चित्रपट सांगते. त्याचे नाव 'फिंच', साल २०२१. सूर्याच्या प्रकोपाने पृथ्वी ओसाड झाली आहे. उरलेला एक आजारी माणूस, आणि त्याचा कुत्रा. त्या माणसाला ठाऊक आहे, आपण फार दिवसांचे नाही. उरलेल्या दिवसांत तो काय करतो? आपल्यामागे कुत्र्याला सांभाळील असा एक यंत्रमानव तयार करतो आणि त्याला शिकवतो. बस्स, एवढीच गोष्ट. मी तो चित्रपट दोनदा पाहिला, आणि दुसऱ्यांदा ह्यांनीही बातम्या सोडून पाहिला.

मंगळ्याचे आता वय झाले. डोळ्यांत सारा उतरला आहे, जिना चढताना थांबतो. मीही थांबते. आमच्यातले आधी कोण, ते सांगता येत नाही. यंत्रमानव करण्याची विद्या मला नाही, म्हणून मी एक वही केली आहे. त्याचे खाणे, औषधे, डॉक्टरांचा पत्ता, कशाला भितो, कान कुठे खाजवलेला आवडतो, सारे तिच्यात आहे. वही समोरच्या वहिनींपाशी आहे.

मैत्रिणींनो, मुलांच्या हट्टाखातर पिल्लू आणणाऱ्या भगिनींना माझे एवढेच सांगणे, की आणताना बारा-पंधरा वर्षांचा हिशोब करा आणि आपण नसू त्या दिवसाचाही. आणि मंडळाला एक विनंती. आपल्यात कितीतरी जणी एकट्या राहतात. कुणाकडे कुत्रा, कुणाकडे मांजर, कुणाकडे पोपट. कुणी आजारी पडली, कुणाला गावी जावे लागले, तर कोणी कोणाच्या दारी ताटली सरकवायची, याची एक यादी मंडळाने या वर्षी करावी. नावे वहीत असावीत, वही कार्यालयात असावी. पहिले नाव मी माझे देते. दुसरे कुणाचे येईल, ते तुम्ही ओळखलेच असेल.

 साडेसात वाजले, घरी कुणीतरी दाराशी बसले असेल.