ऊनोदरी : ताटावरचे तप



चातुर्मास आला की नाशिकच्या स्थानकांत आणि मंदिरांत तपश्चर्येची मोजदाद सुरू होते. कोणाची अठ्ठाई, कोणाचे मासखमण, कोणाचे वर्षीतप. तपस्वींचा बहुमान होतो, वरघोडा निघतो, पारण्याचे निमंत्रण घरोघर जाते. ते योग्यच आहे. परंतु सहा बाह्य तपांत अनशनाच्या लगेच पुढे जे तप येते, त्याचा वरघोडा निघाल्याचे कोणी पाहिलेले नाही. ते तप म्हणजे ऊनोदरी, अर्थात भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे.

आगमांत त्याचे माप दिलेले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार 32 कवळांचा, स्त्रीचा 28 कवळांचा. 8 कवळ घेतले तर अल्पाहार, 16 घेतले तर अर्धा आहार. आणि 32 मधला एकच कवळ सोडला तरी तीही ऊनोदरीच. किती उदार हिशेब आहे हा! वृद्ध, आजारी, दुकानात दिवसभर राबणारा, कोणीही तो पाळू शकतो. तरीही हे तप अवघड आहे. उपवासात ताट समोर नसते. ऊनोदरीत ताट समोर असते, गौतमप्रसादीची पंगत बसलेली असते, आग्रह करणारे वाढपी उभे असतात, आणि अशा वेळी हात आवरायचा असतो. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचण्यास सुमारे 20 मिनिटे लागतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. घाईने जेवणारा त्याआधीच गरजेपेक्षा अधिक जेवून उठतो.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचविलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत ऐकून अनेक श्रावकांना बियासन्याची आठवण झाली असेल. मात्र तेथे भर वेळा मोजण्यावर आहे. ऊनोदरी कवळ मोजते.

वर्ज्य वस्तूंची यादी पाळणे तुलनेने सोपे असते. लासलगावच्या बाजारात दिवसभर कांद्याचा व्यवहार करणाऱ्या जैन व्यापाऱ्याच्या घरी कांदा शिजत नाही, ही निष्ठा खरोखर वाखाणण्यासारखी आहे. पण त्याच घरच्या लग्नात ताटावर चार मिठाया असतात आणि ‘जैन’ पावभाजीवर लोण्याचा थर असतो. त्या ताटात वर्ज्य काहीच नसते, संयमही नसतो.

पारण्याच्या दिवशी हेच अंगाशी येते. दीर्घ उपवासानंतर एकदम जड अन्न घेतल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडते व जिवालाही धोका होऊ शकतो. मुगाच्या पाण्याने हळूहळू पारणे करण्याची जुनी रीत त्यासाठी शहाणपणाची. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता उपवास धरू नये. मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. 2016 साली हैदराबाद येथे 68 दिवसांच्या उपवासानंतर एका 13 वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. तप यथाशक्ती करावे असे शास्त्रच सांगते. मोजदादीच्या उत्साहात तो शब्द हरवतो.

कित्येक घरांत आजही आजी जेवण संपल्यावर ताट धुऊन ते पाणी पितात. उष्ट्यात जीवोत्पत्ती होऊ नये, हा त्यामागील हेतू. नातवंडे हसतात. पण शेवटचा कण प्यायचा हे ठाऊक असल्यामुळे आजी पहिल्याच वेळी मोजून वाढून घेतात, आणि वाढपी पुन्हा आला की ताटावर हात आडवा धरतात.

जय जिनेंद्र.