मनोऱ्यावरचे रिकामे कोनाडे

इंग्लंडांतील जुन्या खेड्यांत शिरतांना चर्चचा मनोरा प्रथम दृष्टीस पडतो. त्याच्या भिंतींत कोनाडे असतात. पण पुष्कळ ठिकाणीं ते रिकामे दिसतात. मध्ययुगांत त्यांत संतांच्या पाषाणमूर्ति होत्या. किल्ल्या धारण करणारा पीटर, तलवार घेतलेला पॉल, चक्राशेजारीं उभी कॅथरिन. निरक्षर शेतकऱ्यालाही या खुणांवरून संत ओळखतां येई. पुढें धर्मसुधारणेच्या लाटेंत मूर्ति निषिद्ध ठरल्या. १६४३ सालींही पार्लमेंटनें त्या काढून टाकण्याचा हुकूम सोडला. सॉमरसेटमधील आइल ॲबट्ससारख्या एखाद्या खेड्यांतच जुन्या मूर्ति मनोऱ्यावर टिकून राहिल्या.

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत वारें फिरलें. रिकाम्या कोनाड्यांत नव्या मूर्ति बसूं लागल्या. सॉल्झबरीच्या कॅथीड्रलवर जेम्स रेडफर्न या शिल्पकारानें साठांहून अधिक मूर्ति घडविल्या. तेथील जीर्णोद्धार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या देखरेखीखालीं झाला. मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा याच स्कॉटसाहेबांचा.

या उत्साहाविरुद्ध विल्यम मॉरिस यांनीं १८७७ सालीं संस्था स्थापून आवाज उठविला. जुनी वास्तु सांभाळावी, ती नव्यानें घडवून जुनी म्हणून मिरवूं नये, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे भंगलेली मूर्ति पूजेंत ठेवीत नाहींत. तिचें विसर्जन करून नवी आणतात. म्हणून आपलें मन सहजच स्कॉट यांच्याकडे झुकतें. परंतु मनोऱ्यावरची मूर्ति देव्हाऱ्यांतली नव्हे. ती गांवाची आठवण होय. मुलाच्या वहींतलें फाटकें पान शिक्षकानें स्वतःच्या अक्षरांत उतरवून तें मुलाचेंच म्हणून दाखविलें, तर त्यांत मुलाचा हात कोठें उरला? मीं आयुष्यभर वह्या तपासल्या; हा मोह मला ठाऊक आहे.

तथापि, त्या नव्या मूर्तींना आतां सुमारें दीडशें वर्षें झालीं. पाऊस आणि कोळशाचा धूर यांनीं त्यांचींहि नाकेंडोळीं झिजविलीं आहेत. आज त्या काढून पुन्हा नव्या बसविणें म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा करणें होय. छपराच्या पन्हळी साफ ठेवाव्या, सांध्यांत चुना भरावा, आणि झिजलेला चेहरा झिजलेलाच राहूं द्यावा. रिकामा कोनाडाहि इतिहासच सांगतो.