भेटीवरची चिठ्ठी

पंचवीस डिसेंबरच्या सकाळी इंग्लंडमधील घराघरांतून नाताळच्या झाडाखाली पुडक्यांची रास रचलेली असते. रंगीत कागद, त्यावर फीत, फितीची गाठ. आत काय आहे हे बाहेरून कळू नये, एवढ्याचसाठी तो सारा खटाटोप. पण पुडके कोणासाठी आणि कोणाकडून, हे मात्र कळलेच पाहिजे. ते काम फितीला अडकविलेली चार बोटे लांबीची चिठ्ठी करते. ती गळून पडली, की आजोबांचे लोकरी मोजे नातवाच्या हाती जातात आणि आभाराचे पत्र कोणास लिहावे, हा पेच घराला पडतो.

पूर्वी तिची एवढी निकड नव्हती. राणी व्हिक्टोरिया व तिचा पती आल्बर्ट यांच्या नाताळच्या झाडाचे चित्र १८४८ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापले गेले आणि जर्मनीकडची ही चाल इंग्रजी घरांत रुजली. त्या काळी लहानसहान भेटी फांद्यांनाच टांगीत. पुढे भेटी कागदाआड गेल्या, टपालाने दूरदूरहून येऊ लागल्या. देणारा समोर नसेल, तर त्याचे नाव तरी समोर हवे. गोव्यात नाताळात शेजाऱ्यांकडे गोडधोडाचे ताट धाडतात. तेथे चिठ्ठी लागत नाही, कारण ताट घेऊन येणारे मूल कोणाचे, हे साऱ्या वाड्याला ठाऊक असते!

चिठ्ठीवरची चित्रे बहुतेक शुभेच्छापत्रांतून आली. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढवून घेतले. त्याच्या सुमारे हजार प्रती शिळाछापाने छापून हातांनी रंगविल्या आणि प्रत्येकी एक शिलिंग किंमत ठेवली. मजुराच्या आवाक्यातली ती किंमत नव्हे. पुढे छपाई स्वस्त झाली, तशी हॉलीची काटेरी पाने, घंटा, मेणबत्त्या आणि तांबड्या छातीचा रॉबिन पक्षी घरोघर पोहोचले. तांबड्या कोटामुळे तेव्हाच्या टपालवाल्यांनाही लोक रॉबिन म्हणत. चिठ्ठीच्या भोकाभोवतीची कागदी चकती मात्र मालाच्या गाठोड्यांवरून आली. ओढाताणीत भोक फाटू नये म्हणून अमेरिकेतील डेनिसन याने १८६३ साली अशा चकतीचे पेटंट घेतले होते.

दुकानात तयार चिठ्ठ्यांची पाकिटे मिळतात. तरीही ज्यांना हौस आहे ते घरीच करतात आणि ते योग्यच आहे. पुडक्यातली वस्तू बहुधा विकतची, कागद विकतचा, फीतही विकतची. देणाऱ्याच्या हातचे असे तेथे एवढेच उरते.

साहित्य घरातच असते. गेल्या वर्षीच्या कार्डावरील एखादा पक्षी वा घंटा हेरून तेवढा तुकडा कात्रीने कापावा. चित्र मोठे असेल तर ते सगळे घेण्याचा मोह टाळावा. घराच्या खिडकीतला उजेड तेवढा घेतला, तरी चिठ्ठी सजते. वरचे दोन कोपरे तिरपे छाटले म्हणजे ती पुडक्यात अडकून दुमडत नाही. भोक काठापासून निदान बोटाच्या पेराइतके तरी आत असावे. दोरा दुहेरी करून त्याचा फासा भोकातून काढावा आणि दोन्ही टोके त्या फाशातून ओढून घ्यावीत. ही गाठ सुटत नाही.

मुलांना बटाट्याचा ठसा अधिक आवडतो. बटाटा मधोमध कापून त्याचा ओलावा फडक्याने टिपावा, नंतर चांदणी कोरावी आणि रंग दाट ठेवावा. अक्षर कोरायचे तर उलटे कोरावे लागते, हे मुलांना पहिला ठसा उमटल्यावरच पटते. हातकागद घेतला, तर सुंदरच. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली, तेथे सुती चिंध्यांपासून असा कागद होई. त्याचे खरबरीत काठ कापू नयेत, त्यांतच त्याची शोभा आहे. मात्र खळ कमी असलेल्या कागदावर शाई फुटते. म्हणून आधी तुकड्यावर लिहून पाहावे.

चमकीचा सोस मात्र नको. ती बहुधा प्लॅस्टिकची असते, हातांना चिकटते आणि जेवणाच्या टेबलापर्यंत जाते. शिवाय चमकी लावलेला कागद पुन्हा लगद्याच्या कामी येत नाही. दालचिनीची एक काडी दोऱ्यात गुंतविली तरी पुरे. पुडके हाती घेताच तिचा वास येतो. नाव लिहावयाचे ते चिठ्ठी बांधण्यापूर्वी, टेबलावर सपाट ठेवून. घाईने फितीवर लोंबकळत्या चिठ्ठीवर लिहिलेली नावे वाचता येत नाहीत.

सहा जानेवारीच्या सुमारास इंग्रजी घरांतून सजावट उतरविली जाते. चुलीवरच्या फळीवरून कार्डे खाली येतात. तेव्हाच घरातली एखादी जाणती बाई त्यांतली चांगली चित्रे निवडून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवते आणि कात्री पुढच्या डिसेंबरात काढते.