दुसऱ्या लेखनाची वाट



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने आपली जडणघडण सांगावी, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. बालपणीचं गाव, वहीच्या मागच्या पानावरची पहिली कविता, पाठ थोपटणारे गुरुजी आणि मग वर्षागणिक बहरत गेलेली लेखणी. ऐकायला गोड वाटतं. पण या गोष्टीत एक गृहीत लपलेलं असतं. लेखक म्हणे बीजातच असतो, लहानपणी त्याला कोंब फुटतो आणि पुढे काळ आपोआप त्याचं झाड करतो. हे मला पटत नाही, म्हणून आज स्वतःची गोष्ट बाजूला ठेवते. मला दुसऱ्याच प्रश्नाकडे जायचं आहे. लहानपणी बरं लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत चार-दोन सापडतात. त्यांतली बहुतेक पुढे लिहीत नाहीत. ती कुठे जातात? माझं म्हणणं असं की पहिलं लेखन गुणावर होतं, कधी रागावर, कधी निव्वळ योगायोगावर. लेखकाची वाढ मात्र दुसऱ्या लेखनापासून सुरू होते, आणि ते बहुधा कुणीतरी मागितल्याशिवाय होत नाही.

पुरावा म्हणून आधी मुक्ताबाईला बोलावते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास, शाळेत जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने 1855 साली दोन भागांत छापला, एक 15 फेब्रुवारीच्या अंकात, दुसरा 1 मार्चच्या. हा निबंध लहान मुलीने लिहिला म्हणून कौतुकाने वाचायचा नाही. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर आम्ही धर्मपुस्तकाविना राहिलो, मग आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल आहे. समोरच्याचंच विधान उचलून त्याच्यावर उलटवायचं, ही तर्काची रीत पुष्कळांना आयुष्यभर साधत नाही. आता त्या दोन तारखांकडे पाहा. मधले चौदा दिवस मराठीत एका चौदा वर्षांच्या मुलीच्या उरलेल्या मजकुराची वाट पाहणारे वाचक होते. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात असे चौदा दिवस फार थोडे असतील. त्यानंतर मात्र मुक्ताबाईचं लेखन आपल्याला मिळत नाही. बीज होतं, कोंब चांगला हातभर वर आला होता. पुढचं कुणी मागितल्याची खूणही नाही.

दुसरं नाव ताराबाई शिंदे यांचं. ताराबाई बुलढाण्याच्या. 1881 साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून बाईच्या जातीवरच आगपाखड सुरू झाली. त्या आगपाखडीला उत्तर म्हणून 1882 साली ताराबाईंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ निघालं. ही मराठी आजही वाचताना चटके बसतात. चुलीपुढे आणि ओसरीवर ऐकलेली बोली त्या बाईने जशीच्या तशी वादात उतरवली. टीका झाली, जोतीरावांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, आणि तरीही दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा उजेडात आणलं. ताराबाईंना तेवढंच सांगायचं होतं, सांगून झालं, असं कुणी म्हणेल. पण प्रस्तावनेत ताराबाई हा आपला पहिलाच प्रयत्न असल्याचं नोंदवतात. पहिला म्हणणाऱ्याच्या मनात दुसरा असतोच. शिवाय आपल्या संमेलनांची परंपरा ज्या ग्रंथकार सभेपासून मोजतात, ती 1878 साली पुण्यात भरली होती. म्हणजे लेखकांची सभा होती, छापखाने होते, नियतकालिकं होती. जे ताराबाईंपर्यंत पोचलं नाही ते एकच, पुढे काय लिहिताय, हा साधा प्रश्न. आणि या संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, बसली ती 1961 साली, ग्वाल्हेरला. त्र्याऐंशी वर्षं लागली. असो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ज्ञानेश्वरांचं काय? पंधरा-सोळाव्या वर्षी ज्याने ज्ञानेश्वरी सांगितली, त्याला कोण मागायला आलं होतं? आक्षेप वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूने पडतो. ज्ञानेश्वरी एकांतात लिहिलेली नाही, ती सांगितलेली आहे. समोर श्रोते आहेत, निवृत्तिनाथ आहेत, लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा आहेत. आणि परंपरा पुढे जे सांगते ते तर या विषयाचं मर्मच आहे. ज्ञानेश्वरी पुरी झाल्यावर निवृत्तिनाथ म्हणाले, ही गीतेवरची टीका झाली, आता तुझं स्वतःचं काही सांग. आणि त्यातून ‘अनुभवामृत’ झालं. ही आख्यायिका आहे, दस्तऐवज नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण आख्यायिका रचणाऱ्या समाजालाही कळत होतं की एवढ्या प्रतिभेलाही पहिल्या ग्रंथावर थांबू न देणारा कुणी लागतो.

बालकवींचंही तसंच. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि आपण ती पदवीच लक्षात ठेवली. पदवीने कवी वाढत नाही, उलट ‘बाल’ हा शब्द गळ्यात कायमचा अडकतो. वाढ झाली ती त्यानंतरच्या वर्षांत, आणि त्यात अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घराचा वाटा मोठा होता. त्या घरात कविता वाचल्या जात, खोडल्या जात, आणि पुन्हा लिहायला लावल्या जात. 1918 साली रेल्वेच्या अपघातात ते गेले तेव्हा तिशीही उलटली नव्हती. तरी पहिल्या कवितेपासून शेवटच्या कवितेपर्यंतचं अंतर स्पष्ट दिसतं.

याच घरातल्या, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई माझ्या सगळ्यात जवळचा दाखला आहेत. 1868 सालचा जन्म, लहानपणी अक्षरओळख नाही, लग्नानंतर नवऱ्याने शिकवलेलं वाचन. ‘लेखिकेचं बालपण’ म्हणून जे काही आपण शोधतो, त्यातलं इथे एकही लक्षण नाही. आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग निघाला तो 1934 साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. मधल्या काळात कविता होत्या, टिळकांमागे अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेणं होतं, आणि घरात सतत कुणीतरी होतं ज्याला त्यांची गोष्ट ऐकायची होती. स्वतःची फजिती सांगताना त्या वाक्य एक शब्द आधी संपवतात आणि हसू वाचकावर सोपवतात. ही कला लिहून येत नाही, ती माणसांना सांगून येते. आत्मचरित्रातलं बालपण प्रौढपणी रचलेलं असतं, तो पुरावा कसा धरायचा, असं अभ्यासक विचारतात. बरोबर आहे त्यांचं. मीही त्या आठवणी खऱ्या की खोट्या, यावर काही उभारत नाही. सहासष्टाव्या वर्षी असं वाक्य लिहिता येतं, एवढाच माझा पुरावा, आणि तो छापील आहे.

कवी नारायण सुर्व्यांकडे येते. रस्त्यावर सापडलेलं मूल, गिरणीकामगाराच्या घरात वाढलेलं. शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 सालचं, ‘माझे विद्यापीठ’ 1966 सालचं. दोन्ही शीर्षकं शेजारी ठेवा. पहिल्यात छाती काढून केलेली घोषणा आहे. दुसऱ्यात शिकणाऱ्याची कबुली आहे, आणि ती घोषणेपेक्षा मोठी आहे. हे अंतर चार वर्षांत एकट्याने कापता येत नाही. त्यामागे कामगार चळवळ होती, सभा होत्या, पुढची कविता कधी ऐकवणार असं विचारणारे लोक होते.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. आज विचारणाऱ्यांना तोटा कुठे आहे? मोबाइलवर चार ओळी टाकल्या की शंभर अंगठे वर होतात. मग लेखक भराभर वाढायला हवेत. पण अंगठा झालेल्या लेखनाला असतो. तो पुढचं मागत नाही, आणि मागितलंच तर तसंच आणखी एक मागतो. मी म्हणते ती मागणी वेगळी आहे. तिच्यात ‘हे झालं, आता याहून अवघड’ असं असतं, आणि म्हणून तिच्यात थोडी नाराजीही असते. मान्य, अशी मागणी करणारा माणूस चुकूही शकतो, लेखकाला आपल्या वळणावर नेऊ शकतो. तो धोका पत्करावा असं मला वाटतं. मुक्ताबाईच्या वाट्याला आलेल्या शांततेपेक्षा तो बरा.

संमेलनांच्या निमित्ताने गावोगावच्या शाळांत निबंधस्पर्धा होतात. मांडवात बक्षीस मिळतं, फोटो निघतो, निबंधांचा गठ्ठा कार्यालयाच्या कपाटात जातो. आयोजकांना माझी एक विनंती आहे. प्रमाणपत्राच्या पाकिटात एक हाताने लिहिलेली चिठ्ठी घाला. निबंधातलं कोणतं वाक्य आवडलं आणि कुठे गाडी अडली, ते तिच्यात असू द्या. खाली पत्ता द्या, आणि पुढचा मजकूर कोणत्या तारखेपर्यंत पाठवायचा, तेही लिहा. पंधरा दिवसांची मुदत पुरे.