वरचे पैसे



परवा एकजण म्हणाला, "तुमचं गोदीवाल्यांचं बरंय. रोज आहेच, वर इन्सेन्टिव्ह." या 'वर'विषयीच बोलतो. मी नुसता मॅट्रिक, अर्थशास्त्र पाठीवरच्या गोणीनं शिकवलं.

आमच्या ठेकेदाराचा मूळ रोज एवढा की त्यात चूल दोनदा पेटू नये. मग टनाचा एक आकडा ठरलेला. टोळीनं त्याच्यावर माल उतरवला तर जादा पैसे. क्रेन बंद पडली, पाऊस आला, ट्रक लागला नाही, आकडा गेला! म्हातारा गडी दम खायला थांबला तर मुकादम शिवी घालत नाही, आम्हीच घालतो. मुकादमाचं काम फुकटात होतं.

बक्षिशीची गोष्ट याहून जुनी. अमेरिकेत पुलमन कंपनीनं रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत पोर्टर म्हणून काळी माणसं ठेवली. सुरवातीची बरीचशी गुलामीतून सुटलेली. पगार तोकडा, बाकीचं प्रवाशांनी द्यायचं. प्रवाशांचे बूट पुसायचे, पॉलिशही पदरच्या पैशानं. प्रवासी हाक मारायचे 'जॉर्ज', मालकाच्या नावानं. पोर्टरला स्वतःचं नाव कशाला? तरी हसायचं, कारण हसण्याचेच पैसे. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फच्या पुढारपणाखाली त्यांनी युनियन बांधली. कंपनीनं करारावर सही करायला १९३७ उजाडलं. महिन्याचे चारशेच्या घरातले तास २४० वर आले, पगार वाढला.

हे परकं वाटतं? मग बलुतं काय होतं? सरकारी काम महारानं करायचं आणि पोट गावानं भरायचं. खळ्यावर पदर पसरायचा, पडेल ते घ्यायचं. नाही पडलं तर दाद कुणाकडं? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं ते उगाच नव्हे. वतनं कायद्यानं जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आता मोबाईलवरून मागवलेलं जेवण घेऊन पोरगा भिजत येतो आणि ऍपच म्हणतं, टिप द्या. हे नवं खळं. टिप देऊ नका असं मी म्हणत नाही. द्या, त्याची चूल आहे. पण युनियनचंही विचारा त्याला. (आमची कविता छापली की मासिकवाले एक अंक देतात, तीही बक्षिशीच. असो.)

आमच्या टोळीची मागणी साधी आहे. आधी मूळ रोज घर चालेल एवढा करा. क्रेन बंद पडलेल्या तासांचे पैसे धरा. मग जादा टनाचं बोलू. ठेकेदार म्हणतो, इन्सेन्टिव्हच बंद करतो. शनिवारी सकाळी गेटवर जमतोय. या.