रंगाचे माप
(पेडगाव, जि. परभणी येथील भाषण)



स्मार्टफोनमधील ॲप आता छायाचित्रावरून त्वचेच्या रंगाचा आकडा सांगते. स्थळ पाहताना मुलीस कोणी हे माप लावू लागल्यास हा पुरावा किती कच्चा आहे ते ओळखा. कॅमेरा केवळ त्वचेवरून परतलेला प्रकाश टिपतो. म्हणून उन्हातील व दिव्याखालील एकाच चेहऱ्याचे आकडे भिन्न येतात.

हा मोह जुनाच आहे. रिस्ले यांनी १८९१ साली बंगालमधील जातींची शरीरमापे प्रसिद्ध केली व नाकाच्या मापावर जातींची उच्चनीचता बसविली. १९४८ साली बाबासाहेबांनी ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात तसल्याच मापांच्या आधारे अस्पृश्यांचा वंश निराळा नसल्याचे दाखवून दिले. मापानेच मापाचा दंभ उतरविला!

तेव्हा मुलीचे शिक्षण विचारा, तिची इच्छा विचारा. रंगाचा आकडा विचारू नका.