मागच्या भागात दिलेला शब्द

(उपनगरातल्या पटकथा-संवादलेखकांच्या संमेलनातलं अध्यक्षीय भाषण. महाकवी कालिदास नाट्यमंदिर, मुलुंड)



अध्यक्षांनी मराठी भाषेच्या भवितव्याची काळजी वाहायची असते. ती माझ्या आधीच्या अध्यक्षांनी भरपूर वाहिली आहे, म्हणून मी आज गेमबद्दल बोलणार आहे. रोल-प्लेइंग गेमला पुरवणी निघते किंवा त्याचा पुढचा भाग येतो, तेव्हा खेळणाऱ्याने आधी घेतलेल्या निर्णयांचं आणि जमवलेल्या प्रेमाचं लेखक काय करतात, एवढाच माझा विषय. कुणाला वाटेल, मालिका लिहिणाऱ्या बाईंनी हे काय काढलं! पण गोरेगावच्या चित्रनगरीत आणि मढच्या बंगल्यांत आपण रोज जे निस्तरत असतो, तेच तिकडे वेगळ्या नावाने चालतं.

ज्यांच्या घरी हे काम नातवंडांकडे आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या खेळांत नायक पुरुष की बाई, कुणाला वाचवायचं, कुणाला मरू द्यायचं, कुणाशी सूत जुळवायचं, हे खेळणारा ठरवतो. हे सगळं सेव्ह फाइलमध्ये नोंदलं जातं. मग काही महिन्यांनी कंपनी त्याच गेमला जोडून नवं आख्यान विकते. ते मोठं असेल तर एक्सपान्शन आणि छोटं असेल तर डीएलसी. आता लेखकाची अडचण बघा. मूळ गेममध्ये फक्त दहा 'हो की नाही' असले, तरी त्यांच्या १०२४ जुळण्या होतात. म्हणजे पुरवणीच्या दारात १०२४ प्रकारचे नायक उभे. आपल्याला एक ट्रॅक सांभाळताना घाम फुटतो.

जुनं उदाहरण 'बाल्डर्स गेट'च्या दुसऱ्या भागाचं. तो २००० साली आला आणि त्याची पुरवणी 'थ्रोन ऑफ भाल' २००१ मध्ये. पुरुष नायकाला प्रेमासाठी तीन बायका आणि बाई नायिकेला एकच पुरुष, तोही अॅनोमेनसारखा स्वतःवर खूश असलेला. पण पुरवणीने ती प्रेमं सोडून दिली नाहीत. त्या तिघींपैकी एरीशी जमलं असेल तर तिला मूल होतं आणि ते तान्हं बाळ नायकाच्या सामानसुमानात, तलवारी-औषधांच्या शेजारी येऊन बसतं. व्हिकोनियाशी जमलं असेल तर शेवटच्या निवेदनात तिचं लग्न होतं आणि पुढे विषप्रयोगाने मृत्यू. दोन दशकं उलटली तरी चाहते त्या विषावरून भांडतात. माझ्या मते लेखकाने तिथे चूक केली नाही. सुखाचा संसार दिला असता तर तो कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये मात्र गंमत झाली. हा गेम नोव्हेंबर २००९ चा आणि त्याचं एक्सपान्शन 'अवेकनिंग' लगेच मार्च २०१० चं. मूळ गेमच्या शेवटी तुमचा योद्धा राक्षसी सेनापतीला मारताना स्वतःचा जीव देऊ शकतो. राजधानी शोक करते. पण तीच सेव्ह फाइल पुरवणीत घाला, तर हे महाशय धडधाकट उभे! काय झालं, कसं झालं, कोणी विचारत नाही. प्रेमप्रकरणंही जवळजवळ गुंडाळून ठेवलेली. आपल्याकडे मेलेलं पात्र परत आणायचं तर निदान दोन भाग पट्टी बांधून ठेवायची आणि मग चेहरा बदलून दाखवायचा, एवढी तरी लाज बाळगतात.

त्याच कंपनीने, बायोवेअरने, 'मास इफेक्ट'मध्ये मात्र असं काम केलं की आपण ते वहीत उतरवून घ्यावं. तीन भाग, २००७, २०१० आणि २०१२, आणि एकच सेव्ह फाइल तिन्ही भागांतून चालत राहते. पहिल्या भागात रेक्स नावाचा दांडगा सोबती तुमच्या हातून मरू शकतो. मग पुढच्या भागांत त्याच्या जागी त्याचा भाऊ रीव्ह येतो. आपण याला रिप्लेसमेंट म्हणतो, आणि बहुतेक वेळा तेच कपडे, तेच संवाद, फक्त नट नवा. इथे तसं नाही. रेक्सला आपल्या जमातीचं भलं हवं आहे, रीव्हला फक्त सूड. त्यामुळे त्या जमातीचं वांझपण दूर करायचं की नाही, हा तिसऱ्या भागातला मोठा निर्णय तुमच्या जुन्या गोळीमुळे आतून बदलतो. मॉर्डिन नावाच्या शास्त्रज्ञाला इलाज करण्यापासून परावृत्त करता येतं, पण त्यासाठी रेक्स हयात नसावा लागतो. रीव्हच्या राज्यात त्या शास्त्रज्ञालाही शंका येते. जो गेला त्याची उणीव कथेत काम करते.

आणि एक फोटो. पहिल्या भागात ज्याच्यावर प्रेम केलं, त्याचा फोटो दुसऱ्या भागात कप्तानाच्या खोलीत टेबलावर असतो. नव्या सोबत्याशी जवळीक झाली की ती फ्रेम पालथी पडलेली दिसते. एक शब्द नाही, एक कटसीन नाही. खर्च म्हणाल तर एका वस्तूच्या दोन अवस्था. आपल्या प्रॉडक्शनवाल्यांनी सेटवरच्या भिंतीवरून जुन्या सुनेचा फोटो काढताना इतका विचार केल्याचं मी पाहिलेलं नाही.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडच्या 'विचर ३'मध्ये वेगळी युक्ती आहे. २०१५ मध्ये तो आला, तेव्हा नव्या कन्सोलवर खेळणाऱ्यांकडे दुसऱ्या भागाची फाइल असणं शक्यच नव्हतं. मग काय केलं? नायक गेराल्टला राजवाड्यात सम्राटासमोर उभं करायचं आहे, म्हणून आधी त्याची दाढी करतात. वस्तरा गळ्याशी, समोर एक सेनापती, आणि तो चौकशी करतो: अमक्याला मारलंस की सोडलंस? तमकीचं काय केलंस? जुन्या गेमची प्रश्नपत्रिकाच ती. पण गळ्याशी वस्तरा असल्याने ती प्रश्नपत्रिका वाटत नाही. उत्तर देताना माणूस जरा जपूनच बोलतो. आपल्या मालिकांतला 'पूर्वार्ध'चा माँटाज आणि हा प्रसंग शेजारी ठेवून बघा. ज्याने मागच्या भागात दारूच्या नशेत मानेवर गोंदवून घेतलं होतं, त्याला ते गोंदणही या भागात भेटतं. खोडी काढायची तर अशी.

त्याच गेमचं शेवटचं एक्सपान्शन 'ब्लड अँड वाइन', मे २०१६. गेराल्टला द्राक्षांच्या मळ्यात घर मिळतं. सगळं आटोपल्यावर तो घरी येतो तर अंगणात कोणीतरी वाट पाहत असतं. त्याच्या दोन प्रेयसींपैकी येनेफरशी निष्ठा ठेवली असेल तर ती, ट्रिसशी ठेवली असेल तर ट्रिस. दोघींना एकाच वेळी शब्द दिला असेल, तर मूळ गेममध्येच दोघी मिळून त्याला पलंगाला बांधून निघून गेलेल्या असतात, आणि मग अंगणात दुसरंच कोणी भेटतं. संवाद बेताचेच. पण शंभर-दीडशे तास खेळलेल्या माणसाला आपण काय पेरलं होतं, ते तिथे उगवलेलं दिसतं.

आता ज्या उदाहरणासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येते. युबिसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड: ओडिसी', ऑक्टोबर २०१८. कॅसान्ड्रा किंवा अॅलेक्सिऑस, जो घ्याल तो नायक, आणि कुणावर प्रेम करायचं हे खेळणाऱ्यावर सोडलेलं. पुरुषांवर करा, बायकांवर करा, कुणावरच करू नका. गेम याच गुणावर विकला गेला. कित्येकांनी कॅसान्ड्रा अशी खेळली की तिचं मन फक्त बायकांत. मग जानेवारी २०१९ मध्ये डीएलसीचा भाग आला आणि त्यात तिने दारियस नावाच्या पात्राच्या मुलाबरोबर घर केलं, तिला मूल झालं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या कथानकाला पुढच्या पिढीचं रक्त हवं होतं. संवादाचे पर्याय दिले होते, पण कुठलाही निवडा, पाळणा हलणारच. त्यावर कडी म्हणजे त्या प्रसंगाच्या बक्षिसाचं नाव होतं 'मोठं होणं'. बायकांवर प्रेम करणाऱ्या नायिकेने पुरुषाशी संसार थाटला की ती मोठी झाली! गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली, प्रसंग दुरुस्त केला, बक्षिसाचं नाव बदललं. मूल मात्र राहिलं, कारण कथानक त्याच्यावर उभं होतं.

काही लेखक म्हणाले, गोष्ट लेखकाची आहे, वाचकाने पात्राच्या लग्नावर हक्क का सांगावा? कादंबरी असती तर मीही हेच म्हटलं असतं. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'नंतर 'मग्न तळ्याकाठी'त कोणाचं काय व्हावं, हे प्रेक्षकाने ठरवलं नव्हतं. प्रशांत दामले आणि कविता लाड 'एका लग्नाची गोष्ट'नंतर वीस वर्षांनी 'एका लग्नाची पुढची गोष्ट' घेऊन आले, तेव्हा ते लग्न आपण लावलेलं नव्हतं, फक्त पाहिलेलं होतं. पण तुम्ही एकदा खेळणाऱ्याच्या हातात पेन दिलंत, 'तू लिही' म्हणालात, त्याने लिहिलं आणि तुम्ही पैसे घेतलेत. आता ते पान फाडायचा अधिकार तुमचा राहिला नाही. फार तर त्या पानाची किंमत त्याच्याकडून वसूल करा. २०२३ च्या 'फँटम लिबर्टी'त हे नीट केलं आहे. त्या 'सायबरपंक'च्या पुरवणीतला एक शेवट निवडलात तर नायक जगतो, पण दोन वर्षं बेशुद्ध राहून. जागा होऊन जुन्या प्रेमांना फोन लावतो तर जुडीचं दुसऱ्या शहरात लग्न झालेलं, पॅनम फोन उचलत नाही. हा आपला लीपच, काळाची उडीच आहे. फरक इतकाच की लीपचा हिशेब चुकवलेला नाही, फोनवर वसूल केलेला आहे. उलट 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड'ने २०२४ मध्ये आधीच्या तीन गेममधले फक्त तीन निर्णय सोबत घेतले. प्रेम कुणावर केलंत, हा त्यातला एक. बाकीचं सगळं दूर कुठेतरी घडून गेलं म्हणे. याला मी पळवाट म्हणते. आपल्या वाहिन्यांवर तर ही राजमार्ग झाली आहे.

एका मालिकेत नायिकेने भर मांडवात लग्नाला नकार दिला होता. लोकांनी तो भाग डोक्यावर घेतला. सात वर्षांचा लीप झाला, संवादलेखक बदलले आणि ती त्याच माणसाची बायको होऊन पोहे करताना दिसली. नाव घेत नाही. नव्या लेखकाचा दोष म्हणावा तर त्याला मागचे भाग कुणी दिलेच नव्हते.

मराठीत हे काम आणखी अवघड आहे, आणि म्हणूनच करण्यासारखं आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये जगभर पोचला. युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. आज ना उद्या मराठी संवादांचा मोठा रोल-प्लेइंग गेम तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल. तेव्हा लक्षात येईल की आपल्याकडे क्रियापदच नायकाचं लिंग बोलून दाखवतं, म्हणून कित्येक वाक्यं दोनदा लिहावी लागतात. आणि प्रेम? मागच्या भागात ती दोघं 'तुम्ही'वर होती की 'तू'वर, हे पहिल्याच वाक्यात उघडं पडतं. समजा, पुरवणीत भांडुपच्या चाळीतली नायिका दार उघडते. मागे जमलं असेल तर 'आलास? किती उशीर!' मोडलं असेल तर 'या, बसा.' नुसतीच ओळख असेल तर 'कोण पाहिजे?' इंग्रजी लेखकाला हे तीन चेहरे करायला नटाचा आवाज लागतो, आपल्याला व्याकरण पुरतं. पण सेव्ह फाइल चुकली तर आपली चूकही पहिल्याच वाक्यात पकडली जाणार.

हे आपल्या परंपरेला परकं नाही. भांडुप-कांजूरच्या कोकणी मंडळींना दशावतार सांगायला नको. तिथे संहिता नसते. आख्यान ठरतं आणि नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलतात. रात्री राजाने भरात येऊन एखादं वचन देऊन टाकलं, तर पहाटेपर्यंत समोरचा नट ते विसरू देत नाही. लिहिलेलं नसतं, पण नोंद असते.

म्हणून माझी मागणी भाषेच्या धोरणाची नाही, कराराची आहे. मालिका असो, वेबसीरिज असो की गेम, पात्रांनी प्रेक्षकाला दिलेले शब्द कुणीतरी लिहून ठेवले पाहिजेत आणि लेखक बदलला तर ती वही नव्या लेखकाच्या हातात पडली पाहिजे. त्या वहीचं मानधन वेगळं मिळालं पाहिजे, कारण ती लिहायला भागाइतकाच वेळ जातो. दुपारच्या सत्रात कराराचा मसुदा चर्चेला आहे. त्यात हे कलम नाही. मी ते मांडणार आहे. निर्मात्यांच्या प्रतिनिधींनी जेवून लगेच निघून जाऊ नये, ही विनंती.